ओळीपुढचे उत्तर

शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जाची मुदत त्या दिवशी पाचला संपत होती आणि अंध संशोधक शर्वाणी रेगे ईमेलच्या रकान्यापाशी अडली होती. रकान्याला नावच जोडलेले नसल्याने तिचा संगणक नुसतेच "रिकामा रकाना" असे वाचून दाखवी. हा अर्ज विद्यापीठाच्या संगणक विभागाने बनवला होता; ती त्या विभागप्रमुखांकडे गेली.

"अहो बाई, इथे काय लिहायचे ते कोणालाही कळते," डॉ. वझलवार म्हणाले. "थोडी अक्कल चालवावी लागते."

शर्वाणीने पिशवीतून ब्रेलपाटी काढली, कागदावर ठिपक्यांची एक ओळ टोचली आणि कागद पुढे सरकवला. "हाही अर्जच आहे, सर. या ओळीपुढे उत्तर लिहा."

वझलवारांनी ऐटीत लिहिले.

"काय लिहिलेत?"

"माझे नाव. अर्जात सर्वांत आधी दुसरे काय विचारणार?"

शर्वाणीने ठिपक्यांवरून बोट फिरवले. "इथे विचारले आहे, 'अर्ज कोणामुळे अडला?'"

वझलवार खळखळून हसले आणि स्वतः दुरुस्तीला बसले. साडेचारला अर्ज पोहोचला. शर्वाणीने लगेच त्यांना ईमेल पाठवला: "सर, आपले उत्तर अचूक होते. ते तासाभरात खोटे ठरवलेत, याबद्दल मनापासून आभारी आहे."