डोकं तुमचं, पाय आमचे

कुडवली आणि आंबेशेत ही दोन शेजारची गावं. कुडवलीच्या स्वयंसेवी पथकाकडे रुग्णवाहिका होती, तर आंबेशेतच्या पथकाकडे प्रथमोपचार शिकलेली माणसं. पण दुसऱ्या गावाच्या पथकाला सोबत घ्यायचं नाही, असा कुडवलीचे अध्यक्ष आप्पासाहेब खानविलकर यांचा हुकूमच होता.

एका सकाळी दूधवाला दत्ताराम नेमका शिवेवर मोटरसायकलवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. आंबेशेतच्या वत्सलाताईंनी धावत येऊन पायाला फळी बांधली, तेवढ्यात आप्पासाहेब रुग्णवाहिका घेऊन आले.

"बाजूला व्हा! त्याचं डोकं आमच्या हद्दीत आहे," आप्पासाहेब गरजले.

दत्ताराम कण्हत होता. वत्सलाताईंनी राग गिळला.

"मान्य, आप्पासाहेब. डोकं तुमचं, पाय आमचे. तुम्ही तुमची बाजू उचला, आम्ही आमची उचलतो. फक्त एकदम उचलू."

दत्ताराम अलगद रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवर आला, आणि स्ट्रेचर दोन्ही बाजूंनी वर उचललं गेलं.

"पण गाडी आमची!" आप्पासाहेबांनी बजावलं.

"तुमचीच की! म्हणून तर डोकं आधी आत जाऊ दे," असं म्हणत वत्सलाताई पायाची बाजू धरून मागोमाग गाडीत चढल्या. "आणि आमचे पाय आम्ही एकटे कसे पाठवू?"

दत्तारामसुद्धा कण्हता कण्हता हसला. आप्पासाहेबांनी मुकाट्याने सरकून वत्सलाताईंना जागा करून दिली.