मोटारीचं इंजिन आभाळात

विभावरी शेडगेनं जुन्या मोटारीचं इंजिन आपल्या जायरोप्लेनला, डोक्यावर पाती असलेल्या छोट्या विमानाला, बसवलं, तेव्हा ते बघायला धावपट्टीवर अख्खं गाव लोटलं. फ्लाइंग क्लबचे अध्यक्ष सरनोबतसाहेब मात्र परवानगी द्यायला तयार नव्हते.

"रस्त्यावरचं इंजिन हे. वर बंद पडलं तर काय करशील?"

"एक फेरी मारू द्या, दाखवते," म्हणत ती उडाली.

खाली साहेबांनी विमानविद्येवर भाषण सुरू केलं. लोक माना वर करून केव्हाचे गप्प झाले होते. इतक्यात जायरोप्लेन साहेबांच्या पाठीमागे अलगद उतरलं.

साहेब वळले. "माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच."

"दिलं की, साहेब. इंजिन मी वरच बंद केलं. डोक्यावरची पाती नुसत्या वाऱ्यानं फिरतात, त्यांनीच खाली आणलं. तुमचा आवाज चालू होता, म्हणून इंजिनाचा कधी थांबला ते तुम्हाला कळलं नाही."