हलक्या बाणांची कांडी

एकदा एक भांड्यांचा व्यापारी आपल्या शाळेतल्या वृद्ध गुरुजींकडे विद्या मागायला गेला. विद्या कसली, तर व्हिडिओ गेममधली जादूची कांडी कशी बांधावी याची. वाचकहो, हसू नका. ज्याला जिची गरज, त्याला ती विद्या, आणि महालिंग शेटे याला तिची फार गरज होती.

त्याची एकुलती लेक गिरिजा पुण्याला वसतिगृहात राहून शिकत होती. सुट्टीत घरी आली की दार लोटून हाच खेळ खेळत बसे आणि बापाशी हो-नाहीपलीकडे बोलत नसे. मागच्या सुट्टीत तो धीर करून तिच्या शेजारी बसला, "मलाही शिकव" म्हणाला आणि पहिल्याच गुहेत मेला. "राहू द्या बाबा, तुम्हाला नाही जमायचं," ती म्हणाली. रागाने म्हणाली असती तर त्याने सोसलं असतं. ती कंटाळून म्हणाली, ते त्याच्या जिव्हारी लागलं. ती पुन्हा घरी येईपर्यंत खेळ शिकायचा आणि तिच्याबरोबर बसायचं, एवढंच त्याला हवं होतं.

गुरुजींनी जन्मभर गणित शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांना या खेळाचं असं वेड लागलं, की पूर्वी त्यांना पाहून गल्ली बदलणारी मुलं आता कांड्यांचं शास्त्र विचारायला त्यांच्या दारात उभी राहत. महालिंगला त्यांनी पडद्यासमोर बसवलं आणि नियम सांगितले. कांडीला खाचा असतात, खाचांत मंत्र बसवायचे. काही मंत्र स्वतः बाण होऊन सुटतात. काही सुटत नाहीत; ते बाणावर संस्कार करतात, म्हणजे त्याला जड करतात, पेटवतात, वेगवान करतात. एकदा बाण सुटला की कांडी दम घेते, आणि तिचा दम घेऊन होईपर्यंत हात रिकामा. मेलात की सगळं पहिल्यापासून.

महालिंगने कांडी बांधली ती धंद्याच्या सवयीने. तांब्याचा हंडा हातात तोलून बघायचा, जड तो अस्सल, हे त्याच्या चार पिढ्यांचं ज्ञान. त्याने वजनाचा संस्कार घातला, आगीचा घातला, स्फोटाचा घातला. पहिला बाण सुटला आणि निम्मी गुहा ढासळली. "बघा सर!" तो ओरडला. तेवढ्यात धुरातून एक क्षुद्र उंदीर धावत आला. महालिंग बटण दाबत राहिला, कांडी दम घेत राहिली आणि उंदराने त्याला मारलं. पुढच्या खेपेलाही तेच झालं. ज्याच्या बाणाने डोंगर फुटत होता, तो माणूस दर वेळी उंदराच्या हातून मरत होता.

तेव्हा गुरुजींनी एक चमत्कारिक गोष्ट केली. त्यांनी ती भारी कांडी उघडली, वजन काढलं, आग काढली, स्फोट काढला. आणि जो संस्कार महालिंग केरात टाकून पुढे जात असे, तो उचलून खाचेत बसवला. त्याचं काम एकच दिसत होतं: बाणाची ताकद कमी करणं. गुरुजींनी तोच आणखी एकदा बसवला.

"सर, हा बाणाची ताकद खातोय की!"

"खातोय."

"मग अजून एक कशाला घालताय? चांगल्या कांडीचं पार वाटोळं केलंत!"

"शाळेतही असाच ओरडायचास. आधी खेळ," असं म्हणून गुरुजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

महालिंगने फुरंगटून बटण दाबलं. एक इवलासा बाण सुटला. त्याच्यामागे लगेच दुसरा, मग तिसरा, आणि मग नळ सोडावा तशी धारच लागली. उंदीर आले आणि वाटेतच गळाले. डोंगर फुटला नाही, पण महालिंग गुहेच्या पार झाला. तो हातातलं यंत्र धरून नुसता बघत राहिला.

गुरुजी म्हणाले, "हा संस्कार बाणाचं बळ कमी करतो, हे तू वाचलंस. तो कांडीची दम घ्यायची वेळही कमी करतो, हे वाचायला तू थांबलाच नाहीस. अरे, तुझ्या मोठ्या बाणात खोट नव्हती. खोट होती ती त्याच्या मागून येणाऱ्या रिकाम्या वेळात. तू एकदा सगळं देऊन टाकतोस, आणि मग बराच वेळ तुझ्याकडे द्यायला काहीच नसतं. जे काही बिघडतं, ते त्या वेळात बिघडतं. थोडं देणारा हात पुन्हा लवकर वर येतो, महालिंग."

महालिंगने हातातलं यंत्र खाली ठेवलं. दिवाळीला त्याने लेकीला स्कूटर दिली होती, वाढदिवसाला सगळ्यांत महागडा फोन. त्या दोहोंच्या मधल्या महिन्यांत आपण तिच्याशी काय बोललो, ते त्याला काही केल्या आठवेना.

"सर, तुम्ही कांडीबद्दलच बोलताय ना?"

"मी कांडीबद्दलच बोलतोय. तू कशाबद्दल ऐकतोयस?"

उत्तराची वाट न पाहता गुरुजी चहा टाकायला आत गेले. चहाची वेळ मुळीच झालेली नव्हती.

महालिंगने फोन लावला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

आपला आवाज ऐकून लेकीच्या मनात आधी आजारपण यावं, याचं त्याला फार वाईट वाटलं. "सगळे बरे आहेत. सहज केला," तो म्हणाला. भरल्या दुकानात दिवसभर बोलणाऱ्या त्या माणसाला पुढचं वाक्य सुचेना. शेवटी त्याने विचारलं, "आज काय जेवलीस?"

"मेसमध्ये परत दुधी."

"अरेरे."

"अरेरे काय? तुम्हाला तर आवडतो."

"नाही आवडत. पण तुझ्या आईला बोलू नकोस."

गिरिजा खळखळून हसली. महालिंगचे डोळे भरून आले, आणि आतून गुरुजींनी उगाचच पातेलं वाजवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा फोन केला, तिसऱ्या दिवशीही. बोलणं व्हायचं दोन-चार वाक्यांचंच. कधी दुधी, कधी परीक्षा, कधी दुकानातलं एखादं भांडखोर गिऱ्हाईक. "काय झालं?" हा तिचा पहिला प्रश्न हळूहळू मागे पडला. आणि एका दुपारी, तो दुकानात असताना, फोन तिचाच आला.

"बाबा," ती म्हणाली, "काही काम नाही. सहज केला."