चोरांची पसंती

एका मोटार कारखान्याचे मालक जहागीरदारसाहेब यांनी स्वतः काढलेलं कमळाच्या नक्षीचं चाक नव्या गाडीला बसवायचं ठरवलं होतं. डिझायनर शाल्मलीचं साधं, पाच आऱ्यांचं चाक त्यांनी भर बैठकीत हिणवलं. "हे सर्वांत वाईट! आणि माझं?"

"सर्वांत उत्तम!" सगळे म्हणाले.

शाल्मली उठली. "साहेब, तुमचं चाक सर्वांत सुरक्षितही आहे."

साहेब खुलले. "ते कसं?"

"एकीला तुमची, दुसरीला माझी चाकं लावलेल्या नमुन्याच्या दोन्ही गाड्या परवा फाटकाबाहेर उभ्या होत्या. चोरांनी माझी चारही चाकं काढून नेली. तुमच्या चाकांना हातसुद्धा लावला नाही."

बैठकीत कुणाला हसू आवरेना. शेवटी साहेबही हसले, आणि नवी गाडी शाल्मलीच्याच चाकांवर रस्त्यावर आली.