शाबूत पिसांची तांबडी

एकदा एक वृद्ध ओढ्याकाठच्या एका गावात राहत असे. गुराढोरांची आणि पाखरांची दुखणी त्याला नुसत्या नजरेने कळत. त्याचा एक शिष्य होता, चाळिशीकडे झुकलेला, हाताने हुशार आणि जिभेने त्याहून हुशार. पारावर, जत्रेत, मयताहून परतणाऱ्या लोकांतसुद्धा तो बोलू लागला की माणसे पोट धरून हसत. असा माणूस गावाला हवाहवासा वाटतो. घरी त्याचा विनोद कोणाच्या वाट्याला येतो, याची चौकशी गाव करत नाही.

या शिष्याच्या परसात अंड्यांच्या कोंबड्या होत्या. त्याच्या बायकोने माहेराहून आणलेल्या पिलांपासून तो कळप वाढवला होता. हिवाळा तोंडावर आला आणि कोंबड्या उघड्या पडू लागल्या. आधी शेपटीच्या मुळाशी लाल कातडी दिसली, मग पाठी बोडक्या झाल्या. अंडी आटली. शिष्याने आपली सारी विद्या पणाला लावली. राख चोळली, कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने अंगे पुसली, खुराडे चुन्याने रंगवले. काळी कोंबडी सर्वांत जास्त उघडी होती. तिला त्याने बांबूच्या डालग्याखाली वेगळे कोंडले. तिला जरा पिसे फुटली की तो तिला कळपात सोडी, आणि पाहता पाहता ती पुन्हा बोडकी होई. लोक म्हणू लागले, वैद्याच्याच घरी दिव्याखाली अंधार.

लोकांच्या बोलण्याची त्याला फारशी पर्वा नव्हती. त्याचा घोर निराळा होता. त्याच्या बायकोने बोलणे सोडले होते. भांडण नाही, रुसवा नाही. विचारले तर उत्तर देई, पण ते एका शब्दाचे. जात्यावरच्या ओव्या कधीच थांबल्या होत्या. मध्यंतरी तिचा भाऊ येऊन गेला. बहिणीकडे तो पुन्हा पुन्हा बघत राहिला आणि निघताना म्हणाला, "पुढच्या बाजाराला गाडी घेऊन येतो, दाजी. ताईला थोडं दिस आमच्याकडं ऱ्हाऊ द्या." थोडे दिवस म्हणजे किती, हे विचारायचा धीर कोणालाच झाला नाही.

शिष्याने मनाशी हिशेब जुळवला होता. कोंबड्या माहेरच्या, त्यांच्या हालांनीच ही खंगली आहे. त्या सुधारल्या की हीही सुधारेल आणि भावाची गाडी रिकामी परत जाईल. बाजाराच्या आदल्या दिवशी तो सकाळीच गुरूपुढे जाऊन बसला.

"बाबा, माझं घर मोडायला आलंय."

"कशापायी?"

"कोंबड्यांपायीच म्हणा."

वृद्धाने काठी उचलली आणि तो त्याच्याबरोबर आला. परसात पोत्यावर बसून त्याने एकेक कोंबडी मांडीवर घेतली, पिसांत फुंकर घालून पाहिले. उवा नव्हत्या, गोचीड नव्हती. "ऋतूनं झडलेली पिसं न्हवंत ही," तो म्हणाला. "ती मानेपासनं झडत्यात आन् खाली नवं कोंब दिसत्यात." एवढे बोलून तो भिंतीला टेकून नुसता बघत राहिला. शिष्य औषधाचे नाव ऐकायला उभा होता. दुपार झाली तरी नाव आले नाही.

जेवायची पाने वाढली. बायकोने भाकरी आणून ठेवली, तसा शिष्य खुलला. गुरू पहिल्यांदाच घरी जेवत होते.

"जपून चावा बाबा, आमच्या ध्यानानं थापलीय. मागं एक कुत्र्यानं पळवली, ती अजून चावतंय ते."

वृद्ध जेवत राहिला. वाढताना तिच्या हातून थोडे पाणी सांडले. "हात दिलं देवानं हिला," शिष्य म्हणाला, "पर जोडताना घाई झाली त्याची." ती खाली बसली आणि पदराने पाणी टिपू लागली.

वृद्धाने तिला विचारले, "पोरी, तुझं नाव काय?"

ती गोंधळली. त्या गावी नवऱ्याने बायकोचे नाव घ्यायची रीत नव्हती, आणि सासरी दुसरे कोणी घेणारे उरले नव्हते. "सगुणा," ती हळूच म्हणाली.

"नाव तेवढं सगुणा," शिष्याने लगेच पुस्ती जोडली, "गुण अजून हुडकतोय मी." आणि तो एकटाच हसला.

जेवण झाल्यावर वृद्ध उठला. उघड्या पाठीच्या कोंबड्यांना ओलांडून तो सरळ तांबडीपाशी गेला. तांबडी म्हणजे कळपाचे भूषण. शेपटी झुबकेदार, अंगावर तेल लावल्यासारखी चकाकी. वृद्धाने तिला झटकन धरले, डालग्याखाली कोंडले आणि वर दगड ठेवला.

शिष्य चक्रावला. "बाबा, हीच तर एक धडधाकट हाय."

"म्हनूनच," वृद्ध म्हणाला, आणि पुन्हा पोत्यावर टेकला. "तू उघड्या पाठी बघितल्यास. राख त्यांना, पाला त्यांना, आन् कोंडलंस तेबी त्यांनाच. जिची पिसं शाबूत हायेत तिच्याकडं बघायचं तुला सुचलं न्हाई, का तर ती देखणी. मी सकाळधरनं बघतोय. ती कुणाच्या अंगावर धावत न्हाई. शेजारी जाऊन लाडानं उभी ऱ्हाते आन् एक पीस उपटते. एकच. झुंज असती तर दुसरी वरडली असती, पळाली असती. एका पिसापायी कोण पळतंय? ती उभी ऱ्हाते. मग हिला उपटायची सवय लागते आन् तिला उभं ऱ्हायाची."

"तिचा राग हाय का त्यांच्यावर?"

"राग कसला? मुंगसाच्या भ्यानं तू कुंपण घातलंस. आत उकरायला पाचोळा न्हाई, किडा न्हाई. रिकाम्या चोचीला चाळा लागला, मग चव लागली. आपण काय करतोय हे तिला ठावंबी नसंल. पाचोळा टाक, सुकटीचा चुरा घाल, आन् चाळा सुटंस्तवर हिला लांब ठेव."

"पुन्ना येतील पिसं?"

"उपटणं थांबलं तर येत्यात. पर एकाच जागची फिरून फिरून उपटली, तर कधी कधी ती जागा तशीच ऱ्हाते. काळीच्या पाठीचं मी काय सांगू शकत न्हाई."

शिष्याच्या ओठांवर सवयीने काहीतरी गमतीचे आले होते. ते तिथेच विरले. परसाच्या कडेला ती पाठमोरी बसून राखेने भांडी घासत होती. तिच्यावर त्याचा राग नव्हता. कधीच नव्हता. लग्नापासून प्रत्येक पंगतीत, प्रत्येक पाहुण्यापुढे, एका वेळी एकच, आणि तेही लाडाने. सुरुवातीला तीही हसत असे, हे त्याला आठवले. हसणे कधी थांबले ते मात्र आठवेना. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशी भीती.

वृद्ध काठी टेकत निघून गेला. शिष्याने धीर करून हाक मारली, "सगुणा."

तिचे हात थांबले. तिने त्याच्याकडे पाहिले नाही, दाराकडे पाहिले. "बाबा माघारी आले का?"

"न्हाई. मीच हाक मारली."

"बरं," ती म्हणाली, आणि भांडी घासू लागली.

दुसऱ्या दिवशी भावाची गाडी आली. शिष्याने पहाटेच कुंपण मोडून ओढ्याकाठचा पाचोळा परसात आणून टाकला होता. तिने तो पाहिला आणि आपले बोचके उचलले. अडवायचा हक्क आपल्याला उरला आहे असे त्याला वाटेना. गाडीत बसताना ती एवढेच म्हणाली, "काळीला सांजच्याला आत घ्या. तिला थंडी लागती."

तिन्हीसांजेला तो काळीला आत घ्यायला गेला. ती पाचोळ्यात एकटीच होती. त्याचा हात पाठीकडे येताना तिने पाहिला, पण ती पळाली नाही. मान आखडून, डोळे मिटून ती उभी राहिली. हात तसाच अधांतरी ठेवून शिष्यही उभा राहिला.