हंसगाडीचं पोट

बाजाराच्या एका गावात जुन्या गाड्यांना नवं रूप देणारा एक कारागीर राहत होता. त्याचं नाव आनंदा पांचाळ. भंगारात निघालेली जीप त्याच्या दारात आणून सोडावी आणि काही दिवसांनी तिचा रथ झालेला पाहावा, असा त्याचा हात. त्याच्या कामात कुठे सांधा दिसायचा नाही, नटाचं डोकं दिसायचं नाही. लोक त्याच्या सफाईचं तोंडभरून कौतुक करत. आनंदाला त्या कौतुकाची चटक लागली होती. चटक कशाचीही लागली तरी वाईटच.

गावात चनाप्पाशेठ नावाचे एक मंडपवाले होते. लग्नाच्या वरातींसाठी त्यांनी आनंदाला हंसगाडी बनवायला सांगितली. नवरानवरी हंसाच्या पाठीवर बसणार, गाडी चालवणारा हंसाच्या छातीत लपणार, आणि पोटाखाली निळे दिवे लावले की हंस पाण्यावर तरंगतोय असं वाटलं पाहिजे. शेठची अट एकच होती. खालून एक नळी, एक तार दिसता कामा नये. पोट कसं आरशासारखं हवं.

आनंदानं गाडीखाली पुढून मागेपर्यंत गुळगुळीत पत्रा बसवला. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा सायलेन्सरचा पाइप आता त्या पत्र्याच्या आत गेला. तो नेमका चालवणाऱ्याच्या पायांखालून जात होता. गाडी चालू असताना हा पाइप चुलीवरच्या तव्यासारखा तापतो, हे आनंदाला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून त्यानं पत्र्याला पुढे वारा शिरायला तोंड ठेवलं, मागे निघायला वाट ठेवली. आवाज घुमू नये म्हणून आतून फोमही चिकटवला. मग गाडी हमरस्त्याला काढली आणि लांबच्या धाब्यापर्यंत भरधाव नेली. तिथे उतरून पोटाला हात लावला, तर पत्रा थंडगार. धावत्या गाडीत वारा शिरत होता आणि उष्णता घेऊन बाहेर पडत होता. आनंदा खूश झाला.

परत येताना मात्र रेल्वेचं फाटक लागलं. गाडी इंजिन चालू ठेवून उभी राहिली. वारा थांबला. थोड्या वेळानं करपल्याचा वास आला. आनंदानं वाकून पायाखाली तळहात टेकला आणि चटकन उचलला. तेवढ्यात फाटक उघडलं, गाडी पळू लागली, वासही गेला. नवा रंग आहे, तापला की वास येणारच, अशी त्यानं मनाची समजूत घातली. आणि मनाला समजूत हवीच असली, की ते किती लवकर समजतं.

इलाज त्याला ठाऊक होता. फोम काढून टाकायचा, पाइपावर उष्णता अडवणारा दुसरा पत्रा घालायचा आणि पोटाला मोठ्या फटी पाडायच्या. पण फटी निळ्या उजेडात दिसल्या असत्या. वरात काही धावत नाही, ती मुंगीच्या पावलानं चालते आणि चौकाचौकात नाचायला थांबते, हेही त्याला ठाऊक होतं. पण शेठनी एव्हाना चार प्रतिष्ठितांना आणून ते पोट वाकवाकून दाखवलं होतं. आता त्याला करवत लावायची म्हणजे आपलं काम चुकलं असं चारचौघांत सांगायचं. झाकली मूठ सव्वालाखाची, असं म्हणत आनंदानं मूठ झाकलेलीच ठेवली.

गाडी चालवायला त्यानं आपल्या थोरल्या भावाचं, केरबाचं नाव सुचवलं. केरबानं उभा जन्म ट्रकवर काढला होता. आता त्याची नजर अधू झाली होती, म्हणून ट्रक सुटला होता. पण माणसाच्या चालीनं गाडी न्यायला तेवढी नजर पुरेशी होती. धाकट्यानं काम मिळवून दिलं, याचा त्या भल्या माणसाला केवढा अभिमान. तो येईल जाईल त्याला सांगे, की हा हंस माझ्या आनंदानं केलाय.

पहिली वरात संध्याकाळी निघाली. पुढे बँड, मधे हंस, आणि हंसाच्या बाजूनं फेटा बांधून चालणारा आनंदा. परगावचा एक पाहुणा तसलीच गाडी बनवून घ्यायची म्हणून त्याच्याशी बोलत होता. इतक्यात हंसाच्या छातीतल्या फटीतून केरबानं त्याला हाक मारली.

"आनंदा, पायाखाली लई तापतंय बघ. जरा कडंला घेऊन थांबू का?"

आनंदाला फाटकातला वास आठवला. त्यानं पाहुण्याकडे पाहिलं. पाहुणा कौतुकानं वाकून हंसाचं पोट बघत होता.

"नवा रंग हाय, दादा. चालू दे."

"तू म्हणतोस तर चालू दे," केरबा म्हणाला आणि त्यानं मान आत घेतली.

बाजाराच्या चौकात नाच रंगला आणि गाडी बराच वेळ जागेवर उभी राहिली. आत फोम तापत तापत धुमसू लागला. निळ्या उजेडात हंसाच्या पोटाखालून धूर निघाला, तेव्हा लोकांना ती शेठची नवी करामत वाटली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच जाळ वर आला. नवरानवरीला लोकांनी ओढून खाली घेतलं. पण हंसाच्या छातीचं बारकं दार फुलांच्या माळांनी आवळून बांधलं होतं. ते तोडून केरबाला बाहेर काढेपर्यंत तो कमरेखाली भाजून निघाला होता.

दुसऱ्या दिवशी गावभर एकच बोलणं. म्हाताऱ्याला धड दिसत नाही, त्यानं गाडी कशावर तरी घासली आणि पेट्रोलची नळी फोडली. चनाप्पाशेठही तेच म्हणाले. त्यांच्या मनात कपट नव्हतं. आनंदाच्या कामात खोट असेल, हे त्यांच्या डोक्यातच येईना. आनंदा तिथेच उभा होता. एका वाक्याचं काम होतं. आधी दादाचा जीव वाचू दे, मग सावकाश सांगू, असं त्यानं ठरवलं. भित्र्या माणसाला सबब शोधायला लांब जावं लागत नाही.

दवाखान्यात केरबा शुद्धीवर आला, तेव्हा आनंदा उशाशी बसला होता. केरबानं त्याच्याकडे मान वळवली.

"आनंदा, खरं सांग. लोक म्हणत्यात तशी माझ्याच हातनं घासली न्हवं गाडी? मला काय आठवंना झालंय."

किती सोपा प्रश्न होता. त्याचं उत्तर जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि ते त्याच्याच ओठांवर होतं.

"आता त्याचा इचार करू नगंस, दादा," आनंदा म्हणाला.

केरबा काय समजायचं ते समजला. त्यानं डोळे मिटून घेतले. नंतर बायकोला, हौसाबाईला, जवळ बोलावून तो तिच्याशी हळूहळू काहीतरी बोलला. रात्र सरायच्या आत तो गेला.

त्यानंतर आनंदाच्या घशाखाली घास उतरेना. भावाच्या तेराव्याला सगळा गाव जमला होता, चनाप्पाशेठही आले होते. पंगत बसायच्या आत आनंदा उठून उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. फाटकातला वास सांगितला, हाताला बसलेला चटका सांगितला, फटी का पाडल्या नाहीत तेही सांगितलं. दादाची काही चूक नव्हती, दादाला मी मारला, असं तो हात जोडून म्हणाला.

मग एकानं उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. मेलेल्या भावाचं नाव राखायला हा सगळा दोष आपल्या अंगावर घेतोय, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं तो इतरांना म्हणाला. इतरांनी माना डोलावल्या. कुणाकुणाचे डोळे भरून आले. आनंदा पुन्हा पुन्हा सांगू लागला, तसतशी लोकांची खात्रीच होत गेली. शेवटी तो हौसाबाईपुढे जाऊन बसला.

"वहिनी, तुम्ही तरी खरं माना."

"भावजी, तुमचं मन मोठं हाय," हौसाबाई म्हणाली. "पर त्यास्नी दिसत न्हवतं. जाताना त्यांनीच सांगितलं मला, गाडी माझ्याकडनं घासली म्हणून."

मग ती उठली, चनाप्पाशेठच्या पुढे गेली, आणि आपल्या नवऱ्याच्या हातून झालेल्या नुकसानीबद्दल तिनं पदर पसरून त्यांची माफी मागितली.

तात्पर्य: आपली चूक कळेल त्या क्षणी बोलून दाखवावी; वेळ टळून गेल्यावर सांगितलेलं खरं कुणी खरं मानत नाही, आणि ते कुणाला वाचवतही नाही.