फितीमागची गाडी

डोंगराच्या अंगाला एक गाव होतं आणि त्या गावाकडे एक रुग्णवाहिका होती. ती कधी चालली नव्हती. बिघडली होती म्हणाल, तर तसंही नाही. तिचं उद्घाटन व्हायचं राहिलं होतं.

गावापासून दवाखाना लांब, आणि मध्ये घाट, घाटाखाली नदी. आजारी माणसाला झोळीत घालून खाली न्यावं लागे. म्हणून सरकारकडून गाडी मिळाली, नवी कोरी, पांढरीशुभ्र. सरपंच आबाजीरावांनी ती चावडीपुढच्या मांडवात उभी केली, तिच्या नाकासमोर लाल फीत बांधली आणि सांगितलं, "साहेब येतील, फीत कापतील, मग गाडी चालू."

साहेब काही येईनात. एकदा आचारसंहिता आडवी आली. एकदा पितृपंधरवडा लागला. एकदा ते खरोखर निघाले, पण वाटेत दुसऱ्या गावाने त्यांना अडवून आपली फीत कापून घेतली. गाडी आपली उभीच. दसऱ्याला तिच्या गळ्यात झेंडूचा हार पडला, कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक उमटलं, चाकांपुढे लिंबं ठेवली गेली. गाडीने पुढे जाऊन ती चिरडायची असतात. ही जागची हललीच नाही, त्यामुळे लिंबं वाळून गेली. मधल्या काळात साहेबांच्या नावाची संगमरवरी कोनशिला येऊन पडली होती. चौघांनी मिळून उचलली तेव्हा कुठे हलली. ती गाडीतच ठेवली, मागे डाव्या अंगाला, आणि तिच्यावर मांडवाच्या सतरंज्या रचल्या. आजारी माणसं सोडून सगळ्यांना त्या गाडीत जागा होती.

गाडीवर चालक म्हणून हौसाक्काची नेमणूक झाली होती. वडिलांच्या मागे उसाचा ट्रॅक्टर तिनेच चालवला होता. हात पक्का आणि तोंड फटकळ. ती आबाजीरावांना म्हणाली, "आबा, अधनंमधनं पुढं-मागं तरी हलवू द्या. उभ्या उभ्या मरंल ती."

"फीत तुटंल," आबाजीराव म्हणाले.

"आन् गाडी तुटली तर चालंल?"

आबाजीरावांनी मान फिरवली. उत्तर सुचलं नाही की ते असंच करत, आणि गाव त्याला भारदस्तपणा म्हणे.

कुंभारवाड्यातल्या शेवंताची लेक सुंद्रा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. एका सकाळी तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. शेवंता धावत चावडीवर आली. आबाजीराव म्हणाले, "थांब, साहेबांना फोन लावून विचारतो." हौसाक्का थांबली नाही. तिने शेजारच्या दारातला विळा उचलला, एका फटक्यात फीत तोडली आणि सतरंज्या मांडवात भिरकावल्या. कोनशिला तेवढी हलेना. ती तशीच राहिली. सुंद्रा साहेबांच्या नावाशेजारी आडवी झाली आणि गाडी निघाली.

निघाली ती थरथरतच. धब, धब, धब. कोणी खालून मोगरीने ठोकावं तशी. सुंद्राने दोन्ही हातांनी कडेचा दांडा धरला, शेवंता देवाचं नाव घेऊ लागली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्या म्हणाल्या, "या कळा खोट्या आहेत. पण मूल आडवं आहे. आज खाट रिकामी नाही, पण खऱ्या कळा सुरू झाल्या की लगेच घेऊन या. घरी राहिली तर दोघांपैकी कोणी वाचणार नाही."

तपासणी होईपर्यंत हौसाक्का स्वस्थ बसली नव्हती. तिला वाटलं, चाकाचे नट सैल असतील. तिने आवळून पाहिले. मग गॅरेजात नेऊन चाकं यंत्रावर चढवली आणि वजनाचं बॅलन्सिंग करून घेतलं. यंत्र म्हणालं, सगळं ठीक. परतीला गाडी म्हणाली, धब, धब, धब.

गावात आबाजीराव वाटच पाहत होते. थरथरणारी गाडी साऱ्या गावाने डोळ्यांनी पाहिली होती. ते म्हणाले, "साहेबांचा हात लागायच्या आधी फीत तोडली, म्हणून गाडीला पीडा लागली. तूच म्हणतीस, यंत्र सांगतंय चाकं ठीक. मग खोट कशात? चालवणारीत! साहेब येऊन पूजा होईस्तवर गाडी बंद. हौसे, तू उद्या चावडीत सगळ्यांपुढं माफी माग. नोकरी राहील तुझी."

माना डोलल्या. माना डोलवायला काय लागतं? त्यातल्या कोणाचं मूल आडवं नव्हतं.

शेवंता तेवढी हौसाक्काच्या मागोमाग तिच्या दारापर्यंत आली. म्हणाली, "अक्का, माफी माग बाई. पर गाडी सोडवून घे. माझ्या लेकीचा जीव हाय त्यात."

"माफी मागितली तर गाडी उभी ऱ्हाईल, शेवंते. आबांनी माझी नोकरी राखली, गाडी कुठं सोडली?" हौसाक्का म्हणाली. "आधी गाडीचं दुखणं काय त्ये बघते."

ती उंबऱ्यावर बसून आठवू लागली. स्टिअरिंग हातात स्थिर होतं. हादरा बुडाखालून, सीटमधून येत होता. म्हणजे दुखणं पुढच्या चाकात नाही, मागच्या चाकात. गाडी हळू असताना धब-धब सावकाश, वेग घेतला की भराभर. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला काहीतरी एकदा आपटतंय. आणि नदी ओलांडल्यावर थरथर बरीच कमी झाली होती. दवाखान्यापुढे गाडी गार झाली, तशी ती पुन्हा आली. पीडा कुठे नदी बघून उतरते? रबर उतरतं. चालून तापलं की नरम पडतं, उभं राहून गार झालं की ताठतं.

सकाळी चावडीपुढे गाव जमलं. माफी ऐकायला म्हणून जमलं. हौसाक्काने माफीचं नाव काढलं नाही. तिने मागच्या डाव्या चाकाजवळ जॅक लावून गाडी उचलली. चाकाला जेमतेम टेकेल असा विटेवर खडू धरला आणि चाक फिरवलं. टायरवर पांढरी रेघ उठत गेली. एका ठिकाणी मात्र ती तुटली. तिथे खडू टायरला पोहोचतच नव्हता. तिने चाक तिथेच थांबवलं.

"आबा, हितं हात लावा."

आबाजीरावांनी हात मागे बांधले. शेवंता पुढे झाली. तिने तळवा फिरवला आणि ती ओरडली, "अगं बाई! थापटीनं ठोकल्यागत सपाट झालंय की!"

"यंत्र वजन सांगतं, गोलाई न्हाई सांगत," हौसाक्का म्हणाली. "उभं राहून राहून चारी टायर बसल्यात. पर ह्यो सगळ्यात जास्त. का, त्ये वर डोकावून बघा."

लोकांनी गाडीत डोकावून पाहिलं. बरोबर त्या चाकावर साहेबांची कोनशिला होती. कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सारं गाव हसलं. चौघांनी कोनशिला खाली उतरवली. हौसाक्काने ते चाक काढून त्या जागी स्टेपनी बसवली आणि म्हणाली, "बाकीची तीन सुरवातीला थोडी वाजतील, चालून तापली की सुधरतील."

आता गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण आबाजीराव सरपंच उगाच झाले नव्हते. त्यांनी घसा खाकरला.

"बरं झालं, दोष सापडला. टायर जमिनीला टेकून सपाट झाले. मग उपाय सोपा हाय. गाडी दगडांवर चढवून ठेवा. चाकं टेकणारच न्हाईत. साहेब येईस्तवर अशी गोल ऱ्हातील, की बघत रहावं!"

आणि काय सांगू, ज्या गावाने आत्ताच आपल्या हाताने टायर चाचपला होता, त्याच गावाने टाळ्या वाजवल्या! पोरं दगड आणायला धावली. बघता बघता गाडी दगडांवर चढली, चाकं हवेत लोंबू लागली, नवा हार आला आणि नवी फीतही आली. एवढा संताप येतो अशा वेळी, की सांगता सोय नाही. कारण समजूनही लोक त्याच खुंटीला पुन्हा गाडी बांधतात.

हौसाक्का चालकाच्या जागेवर जाऊन बसली. किल्ली तिने मुठीत घट्ट धरली. आबाजीरावांनी उतरायला सांगितलं. ती म्हणाली, "माझी नेमणूक गाडीवर झालीया. मी हितनं हलायची न्हाई."

ती उन्हात तशीच बसून राहिली. लोक येऊन समजावून गेले. कोणी चिडवूनही गेलं. दुपार कलली तेव्हा कुंभारवाड्यातून आरडाओरडा ऐकू आला. बायकांनी सुंद्राला धरून आणलं होतं. या वेळी कळा खऱ्या होत्या.

आबाजीराव गाडीपुढे आडवे उभे राहिले. म्हणाले, "गाडी अजून थरथरतीया, हे तूच म्हणालीस. घाटात पोरीचं काही बरंवाईट झालं तर कुणाच्या माथी?"

प्रश्न खोटा नव्हता. पण हौसाक्काने तो काल उंबऱ्यावर बसूनच सोडवला होता: थरथर सपाट रबराची होती, चालून कमी होणारी.

"माझ्या माथी!" ती गरजली. "आन् उभ्या गाडीपुढं मेली तर तुमच्या माथी. हाय कबूल? बोला गावापुढं!"

आबाजीरावांनी मान फिरवली. या वेळी त्याला भारदस्तपणा म्हणायला कोणी तयार नव्हतं.

"दगड काढा गं!" हौसाक्का ओरडली. "आन् आबा, फीत बांधायचीच असंल, तर चालत्या गाडीला बांधा!"

बायकांनी आबाजीरावांना बाजूला सारलं, जॅक फिरवला, दगड ओढून काढले. चाकं जमिनीला टेकली, सुंद्राला आत निजवलं, शेवंता तिच्याजवळ बसली. गाडीने फीत तोडली आणि ती वळणावरून दिसेनाशी झाली.

धब, धब, धब. सुंद्राने डोळे मिटले. हौसाक्का पुढून म्हणाली, "घाबरू नको पोरी. काय वाजतंय आन् कुठनं वाजतंय, मला ठाव हाय." तिने वेग बेताचा ठेवला, वळणं सांभाळून घेतली. नदी ओलांडली, आणि धब-धब विरत विरत नुसती गुणगुण उरली. डॉक्टरीणबाईंनी लगेच आत घेतलं. संध्याकाळी सुंद्राला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

पुढच्या आठवड्यात मायलेकी त्याच गाडीने गावात परतल्या. चावडीपुढे माणसं गोळा झाली. आबाजीरावही आले. बोलायला तर काहीतरी हवं, म्हणून त्यांनी विचारलं, "काय गं सुंद्रे, गाडी थरथरली का न्हाई?"

सुंद्राने लेकीला खांद्यावर घेतलं.

"थरथरली की, आबा," ती म्हणाली. "पर पोचली."

तात्पर्य: जे अडवून ठेवल्यामुळे बिघडलं, ते आणखी अडवून सुधारत नाही; थरथरत का होईना, त्याला चालू द्यावं आणि अडवणाऱ्याला बाजूला सारावं.